पाडलेलं मिसाइल कुठं पडतं

गोरेगावच्या आठवडी बाजारात गेलो की कोणी ना कोणी मला थांबवतंच. मोबाइल पुढे करतात. त्यात काळ्या आकाशात एक ठिणगी वर जाते, दुसरी खाली येते, मध्येच उजेड होतो. मग विचारतात, "सुभेदार साहेब, आपली सिस्टिम सगळेच मिसाइल पाडते का?" मी म्हणतो, बरेच पाडते. "बरेच म्हणजे?" या दुसऱ्या प्रश्नाला माझे पाय चुळबुळायला लागतात आणि मी पिशवी उचलून निघतो. भाजीच्या ढिगापाशी उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही. इथे सांगतो.

निवृत्ती जवळ आली असताना माझी शेवटची पोस्टिंग पश्चिम सीमेजवळच्या एका विमानतळाच्या संरक्षणाला झाली. जागेचं नाव सांगणार नाही. मी नायब सुभेदार होतो. आयुष्यभर हवाई संरक्षणातच नोकरी केली. सुरुवात तोफांवर, पुढे कोर्स करून रडारवर, शेवटी मिसाइल बॅटरीच्या, म्हणजे मिसाइल डागणाऱ्या तुकडीच्या, कमांड केबिनमध्ये. केबिन म्हणजे ट्रकवर बसवलेली लोखंडी खोली. खिडकी नाही. आत पडदे, हेडफोन, थंड हवेचं मशीन. बाहेर थोड्या अंतरावर रडार, त्याच्या पलीकडे मिसाइलचे लाँचर, आणि बाहेरची वीज गेली तर या सगळ्यांना वीज देणारे दोन जनरेटर. आमच्या पुढे लांब पल्ल्याची दुसरी सिस्टिम होती. ती आमच्या अखत्यारीत नव्हती. आमच्या मागे, अगदी विमानतळाच्या कडेला, तोफा. असे थर असतात. एका थरातून सुटलेलं दुसऱ्याने धरायचं.

जनरेटरवर लान्स नायक सुखराम मडावी होता. देवरी तालुक्यातला, छत्तीसगडच्या हद्दीजवळच्या एका जंगलातल्या गावचा, गोंड. मी गोरेगावजवळचा, बौद्ध घरातला. माझे वडील लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायचे. बॅटरीत पंजाबी, तमिळ, गढवाली सगळे होते, पण आपल्या बोलीत बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे हुद्द्याचं अंतर ठेवूनही तो चहाचा मग घेऊन माझ्याकडे यायचा.

"साब, तुमी दिवसभर त्या पडद्यात काय पाहून रायता?"

"आभाळ."

"आभाळ तं बाहेर आये."

असं म्हणून हसायचा नाही. कपाळाला आठी घालून परत जायचा. त्याला जनरेटरच्या आवाजावरून बिघाड कळायचा वगैरे काही नव्हतं. तो साधा, मेहनती माणूस होता. तेल बघायचा, फिल्टर बदलायचा, घाम पुसायचा. सुट्टीवरून येताना मोहाचे लाडू आणायचा आणि ते कोणाला फारसे आवडत नाहीत म्हणून स्वतःच संपवायचा.

रोजचं काम कंटाळवाणं होतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या जागी सज्ज राहायचं, मग रडारची चाचणी, लाँचरची चाचणी, ड्रिल. प्रवासी विमानं पडद्यावरून जायची. पक्ष्यांचे थवे यायचे. कशावर बोट ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हीच खरी नोकरी.

लोकांना वाटतं रडारला सगळं दिसतं. रडार सरळ रेषेत बघतं आणि जमीन गोल आहे. आमच्याकडे चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की उंच उडणारी बदकं लांबून दिसतात. झाडांच्या रांगेमागून पाण्याला लागून येणारी मात्र एकदम समोर येतात. जमिनीला चिकटून येणारं क्रूझ मिसाइल असंच येतं. बॅलिस्टिकची तऱ्हा उलटी. ते लांबून दिसतं, पण वरून इतक्या वेगात येतं की दिसूनही हाताशी वेळ उरत नाही. नव्या मिसाइलांना खाली येताना वळताही येतं. ते कुठे असेल याचा हिशेब आपलं कॉम्प्युटर मांडतं, आणि ते तिथे नसतंच. म्हणून एका टार्गेटवर आम्ही दोन सोडतो. आणि आपल्या लाँचरवरची मिसाइलं मोजकी असतात, हे समोरच्यालाही माहीत असतं.

त्या दिवसांत तणाव वाढला होता. रजा बंद झाल्या, घरी फोन बंद झाले. आम्ही केबिनमध्ये पाळ्या लावून बसलो. हल्ला होईल असं सगळे म्हणत होते आणि होत नव्हता. मला बसवेना. पाळी नसली तरी मी केबिनभोवती चकरा मारायचो. केबल बघ, दार बघ, परत केबल बघ. आमचे बॅटरी कमांडर मेजर भाटी राजस्थानचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "मेश्राम साब, बैठ जाइए. आपको देखके लडके भी घूमने लगे हैं." मी बसलो. पाय हलतच राहिला.

एका संध्याकाळी, दिवेलागणीला, ड्रोन आले. लहान, हळू, स्वस्त. पडद्यावर ठिपके उगवले, मग त्यांच्या मागे आणखी. माझ्या शेजारी बसलेल्या ऑपरेटरचा हात बटणाकडे गेला.

मेजर म्हणाले, "मिसाइल नहीं. गन."

ते बरोबर होते. ड्रोन आमची मिसाइलं संपवायला आले होते. शिवाय आमचं रडार कुठे आहे, कसं बोलतं, हे ऐकायला. मागच्या तोफा सुरू झाल्या. आवाज लोखंडातून आत येत होता, दातांत जाणवत होता. तोफांनी चांगलं काम केलं. बहुतेक ड्रोन पाडले. एकाचे तुकडे विजेच्या लाइनवर पडले आणि बाहेरून येणारी वीज गेली. जनरेटरने भार घेतला. केबिनमधले दिवे क्षणभर जाऊन आले.

त्यानंतर काहीच नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. मेजर म्हणाले, "ये खतम नहीं हुआ." ते सगळ्यांना कळत होतं. मी हेडफोन काढून कान चोळायचो, परत घालायचो. रिकामं आकाश बघून इतकी चीड यावी, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जनरेटर तापत होते. धूळ प्रचंड. एकाचा फिल्टर चोंदला म्हणून सुखरामने तो बंद करून उघडला होता आणि दुसऱ्यावर सगळा भार होता. त्याने फील्ड टेलिफोनवर मला कळवलं. मी म्हणालो, लवकर कर. तो म्हणाला, "करून रायलो साब."

उजाडताना वरच्या कंट्रोलकडून आवाज आला.

"सभी बैटरी. बैलिस्टिक लाँच. आपकी दिशा. तैयार."

सायरन वाजला. केबिनबाहेरचे सगळे ट्रेंचमध्ये गेले. तसाच नियम आहे. लाँचरवर माणूस लागत नाही, रडारवर लागत नाही, सगळं आतून चालतं. पडद्यावर पहिला ट्रॅक आला. मग दुसरा. दोन्ही विमानतळाकडे. तिथे हँगर होते, इंधनाच्या टाक्या होत्या, आणि बराकीत झोपेतून उठलेली माणसं होती.

मेजर म्हणाले, "टार्गेट वन. दो मिसाइल. फायर."

केबिन हलली. आमच्या दोन रेषा पडद्यावर वर चढल्या. आणि त्याच वेळी वीज गेली.

कॉम्प्युटरला बॅटरीचा आधार असतो, म्हणून पडदे जिवंत राहिले. पण रडारला तो पुरत नाही. त्याच्याकडून नवीन काही येईना. पडद्यावर शेवटची जागा गोठून राहिली. हवेत आमची दोन मिसाइलं होती, आणि त्यांना रस्ता सांगणारं रडार आंधळं झालं होतं. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मी टेलिफोन फिरवला. जनरेटरपाशी कोणी नसणार, हे माहीत असून फिरवला.

उचलला गेला.

"साब, हा बंद पडला. दुसरा लावून रायलो."

"तू ट्रेंचमध्ये नाही?"

"आत्ता आलो तिथून. थांबा."

रिसीव्हर त्याने खाली ठेवला नसावा. मला लोखंडावर लोखंड आपटल्याचं ऐकू आलं. मग स्टार्टरची घरघर, बंद. परत घरघर. मेजर टेबलाची कड धरून गोठलेल्या पडद्याकडे बघत होते. मग मोठा आवाज करत इंजिन चाललं.

"चालू झाला साब. लोड घ्या."

"ट्रेंचमध्ये जा," मी म्हणालो. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी रिसीव्हर टाकला, कारण रडार परत आलं होतं.

आमची पहिल्या टार्गेटवरची दोन मिसाइलं अजून हवेत होती. रडारने त्यांना पुन्हा धरलं. एक चुकलं. दुसरं लागलं. खूप वर, खूप लांब. ऑपरेटर ओरडला, "टार्गेट वन, हिट!"

दुसरं टार्गेट तोवर बरंच खाली आलं होतं. वीज गेलेल्या त्या वेळात ते आमच्याकडे सरकलं होतं, आणि आता वळत होतं.

"टार्गेट टू. दो मिसाइल. फायर."

पहिलं बाजूने निघून गेलं. कॉम्प्युटरने मांडलेल्या जागी ते नव्हतं. दुसऱ्याकडे मी बघत होतो. मी त्याला मनात ढकलत होतो, हसू नका, प्रत्येक ऑपरेटर ढकलतो. दोन खुणा एकमेकींवर आल्या.

"टार्गेट टू, हिट!"

दोघा ऑपरेटरांनी एकमेकांचे खांदे धरले. तेवढ्यात केबिनच्या छपरावर खडे पडल्यासारखा आवाज आला. मग बाहेर धप्प असं काहीतरी, आणि जमिनीतून धक्का.

रेडिओवर कंट्रोल होता.

"बैटरी, रिपोर्ट."

मेजर म्हणाले, "दो टार्गेट एंगेज. दोनों डिस्ट्रॉय."

"शाबाश. एयरफील्ड सेफ. आपका नुकसान?"

मेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी टेलिफोन फिरवत होतो. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

"चेक कर रहे हैं," मेजर म्हणाले.

मी दार उघडून बाहेर आलो. उजेड नुकताच पसरत होता. हवेत जळक्या रबराचा, रसायनाचा वास. वाळूत ठिकठिकाणी धुराचे लहान दोरे उभे होते. पाडलेल्या दुसऱ्या मिसाइलच्या पुढच्या भागाचा एक मोठा तुकडा जनरेटरच्या पलीकडे जमिनीत घुसला होता. लहान तुकडे सगळीकडे पसरले होते. सुखराम जनरेटरच्या अलीकडे पडला होता, त्याचा पाना हाताजवळ. मानेच्या मागे लागलं होतं. मी गुडघ्यावर बसून नाडी पाहिली. मग परत पाहिली. नर्सिंग असिस्टंट धावत आला, त्यानेही पाहिली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

जनरेटर चालू होता. त्याच्या विजेवर रडार फिरत होतं.

मला तिथे थांबता आलं नाही. आणखी ट्रॅक येतील असं कंट्रोल सांगत होता. मी त्याच्या तोंडावर माझा पटका टाकला आणि केबिनमध्ये जाऊन माझ्या जागेवर बसलो. दिवस चढेपर्यंत तिथेच होतो. पुढे काही आलं नाही.

सिस्टिम कशी चालली, असं मला नंतर चौकशीत विचारलं गेलं. मी खरं तेच सांगितलं. चांगली चालली. चार मिसाइलं सोडली, दोन लागली, दोन्ही टार्गेट पडले. पुस्तकात हे यश आहे, आणि पुस्तक खोटं नाही.

निवृत्त होऊन मी घरी आलो. घरात मला बसवत नाही. बायको म्हणते, "काऊन असे फिरून रायता? जेवण तं करा बसून." यंदा आमच्या शेजारच्या बांधीवर औषध फवारायला ड्रोन आणला होता. लोक बघायला जमले. मी दिशा, उंची, वेग मनात मांडत घरात गेलो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. तो आवाज थांबेपर्यंत.

त्याच आठवड्यात मी सुखरामच्या गावी गेलो. आधी जायचं नव्हतं असं नाही. अंत्यविधीला रेजिमेंटची तुकडी गेली होती आणि मला तेव्हा जागा सोडायची परवानगी नव्हती. गोरेगावहून बस बदलत देवरी, तिथून एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून जंगलातून आत. घर स्वच्छ सारवलेलं. अंगणात त्याची बायको सगुणा मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत होती. त्याचे वडील मनीराम बाबा खाटेवर. मी कोण ते सांगितलं. सगुणाने पाणी आणून दिलं आणि परत फोडायला बसली.

फोडता फोडता ती म्हणाली, "टीव्हीवर दाखवला होता. सगळे मिसाइल पाडले म्हने. आपला काईच नुकसान झाला नाई म्हने."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"काईच नुकसान झाला नाई, तं माह्या घरी पेटी कायले आली?"

"बाई, ते..."

"मशीन फेल झाली होती का? खरा सांगा. मले कोनी सांगत नाई. ड्युटीवर गेला म्हनतेत. ड्युटीवर कसा गेला?"

मी म्हणालो, "मशीन फेल नव्हती झाली. मिसाइल आम्ही पाडलं."

"मंग?"

"पाडलं म्हणजे गायब नाही होत. त्याचे तुकडे होतात. ते जड असतात. कुठंतरी पडतातच."

तिचा हात थांबला. "म्हनजे पाडलेला त्याच्यावर पडला."

"हो."

"आनि नसता पाडला तं?"

मी तिला विमानतळाचं सांगितलं. बराकीतल्या माणसांचं सांगितलं. वीज गेली ते, तो ट्रेंचमधून उठून परत आला ते, त्याने दुसरा जनरेटर लावला ते. टेलिफोनवर तो काय बोलला तेही. ती शब्दाशब्दाला मान हलवत होती, जसं कोणी रस्ता विचारून लक्षात ठेवतं.

"लोड घ्या म्हनजे काय?"

"म्हणजे वीज आली. आता तुम्ही तुमचं काम करा."

"असाच बोलला?"

"असाच."

ती उठून आत गेली. मी उठलो, अंगणाच्या कडेपर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. मनीराम बाबा खाटेवरून म्हणाले, "बस ना साहेब. कोनी येऊन नाई रायला." मी बसलो.

सगुणा बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. सासऱ्याला म्हणाली, "आज दगड नेऊन टाकू. हे आलेच आयेत तं."

त्यांच्याकडे वारलेल्या माणसासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. सुखरामसाठी दगड नाल्यातून आणून ठेवला होता, उभा करायचा राहिला होता. पंचायतीने पुतळ्याचं विचारलं होतं. बाबांनी नको म्हटलं. शेजारचे चार जण आले, मीही खांदा दिला. मोहाच्या झाडाखाली त्यांच्या आधीच्या लोकांचे दगड होते, काही उंच, काही कललेले. कशावरही नाव नव्हतं. आम्ही खड्डा खणला. दगड आत सोडण्याआधी बाबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दगडाची एक बाजू सपाट होती. तिच्यावर तळहात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"साहेब, तो गेला तवा त्याचा तोंड कोनीकडं होता?"

त्या पहाटे आम्ही सगळे आकाशाकडे बघत होतो. कंट्रोल, मेजर, ऑपरेटर, मी. सीमेपलीकडचा माणूससुद्धा आकाशाकडेच बघत असणार.

मी म्हणालो, "जनरेटरकडं होतं, बाबा. आकाशाकडं पाठ होती."

बाबांनी दगडावरून हात फिरवला.

"म्हनजे काम करत होता."

"हो. काम करत होता."

"मंग गावाकडं करा तोंड," ते म्हणाले. "तिकडं घर आये."

आम्ही दगड फिरवला. जड होता, दोनदा निसटला. सपाट बाजू गावाकडे करून खड्ड्यात सोडला, माती लोटली, पायांनी दाबली. सगुणाने पुढे होऊन त्यावर हळद लावली आणि डोक्यावरचा पदर नीट केला. मी सावधान उभा राहिलो. लान्स नायक सुखराम मडावी, जनरेटर ऑपरेटर. माझे पाय तेवढा वेळ हलले नाहीत.